साडेपाच पौंडांची बंदूक

वेंडेल ऑस्बीने हलकी बंदूक घेतली ती गुडघ्यांसाठी. निदान तो तसं सांगायचा. सव्वीस वर्षं दर वसंतात अर्ज भरल्यावर त्या वर्षी सोडतीत त्याचं नाव निघालं होतं. पांढऱ्या डोंगरबकऱ्याचा परवाना, बकरा एकच, आणि तोही आयुष्यात एकदाच. हे बकरे राहतात ते झाडं संपून नुसते कडे उरतात तिथे. एकसष्टाव्या वर्षी तिथवर चढायचं तर पाठीवरच्या प्रत्येक पौंडाचा विचार करायला हवा, असं त्याने बायकोला समजावून सांगितलं. नवी बंदूक दुर्बिणीसकट साडेपाच पौंडांची होती, जुनीपेक्षा चार पौंडांनी कमी.

आर्डिसने त्याच्या पोटाकडे एक नजर टाकली. "चार पौंड तर इथूनही निघाले असते की."

"बंदूक लवकर मिळते," वेंडेल म्हणाला.

खरं कारण गुडघे नव्हतेच. खरं कारण होतं गेल्या ऑक्टोबरातला एल्क, सांबराच्या जातीचा पण घोड्याएवढा. दोनशे यार्डांवर, उघड्या उतारावर, पूर्ण बाजू देऊन उभा असलेला नर. वेंडेलने गोळी झाडली, एल्क पाठीतून वाकला आणि झाडीत शिरला. वेंडेलने आणि त्याच्या जोडीदाराने, एमिलने, रक्ताचे थेंब शोधत दोन दिवस ती झाडी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्यापाशी थेंब संपले. त्यानंतर आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून वेंडेलला त्या बाजूच्या आकाशात डोमकावळे घिरट्या घालताना दिसायचे, आणि तो पाठ करून कॉफी प्यायचा. एवढं मोठं जनावर आपण वाया घालवलं, आणि ते मरायला किती वेळ लागला असेल कोण जाणे, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

गावात मात्र त्याने सांगितलं, "दुर्बीण हलली होती."

आम्हा ड्राय फोर्कच्या लोकांत हे कारण चालतं. आमच्याकडे आजवर कुणाचाही नेम चुकलेला नाही. दुर्बीण हलते, काडतुसं खराब निघतात, ऐन वेळी वारा फिरतो, दस्त्याचा स्क्रू सैल होतो. माणूस तेवढा बिनचूक असतो. ऐकणाराही गंभीरपणे मान डोलावतो, कारण पुढच्या वर्षी त्याला तेच सांगायचं असतं. मोंटानात दर हंगामात इतक्या दुर्बिणी हलतात की बाहेरच्याला वाटावं, इथे रोज भूकंप होत असेल.

ती 'हललेल्या दुर्बिणीची' जुनी बंदूक वेंडेलने ट्वायला केसेलला विकली. ट्वायला पन्नाशीची, शाळेच्या स्वयंपाकघरातली मुख्य बाई. "दुर्बीण बदलून घे हं," असं त्याने तिला अगदी काळजीने बजावलं. खोटं बोलत होता असंही म्हणता येत नाही, कारण तोवर त्याचाच त्यावर विश्वास बसला होता.

आणि वेंडेल काही साधासुधा शिकारी नव्हता बरं का. ऑगस्टातले शेवटचे दोन शनिवार आमच्या चांदमारीच्या मैदानावर बंदुका पारखायचे असतात. सगळं गाव आपापली बंदूक घेऊन येतं, टेबलांवर वाळूच्या पिशव्या मांडतं आणि शंभर यार्डांवरच्या कागदांवर गोळ्या झाडतं. त्या रांगेमागून केशरी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारा माणूस गेली बारा वर्षं वेंडेलच होता. श्वास कसा सोडायचा, चाप कसा हळूहळू दाबायचा, दस्ता खांद्याला कसा लावायचा, हे तो प्रत्येकाला सांगे. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगे. हिवाळाभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणाऱ्या यंत्रात तो एकटाच बसायचा, त्यामुळे बोलणं बरंच साचलेलं असायचं.

त्याच्या पाकिटात प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला एक कागदाचा तुकडा होता. त्यावर तीन भोकं, एका छोट्या नाण्याखाली तिन्ही झाकली जातील इतकी जवळ. "माझी बंदूक हे करते," असं म्हणून तो तुकडा दाखवी. हा एक कागद मिळेपर्यंत आणखी किती कागद चुलीत गेले हे त्याला कुणी विचारत नसे. आमच्यापैकी प्रत्येकाच्या पाकिटात असा एक तुकडा असतो आणि प्रत्येकाच्या घरी चूल असते.

नव्या बंदुकीचा मात्र तसा एकही कागद जुलैपासून मिळेना. गोळ्या कागदभर पसरत. वेंडेलने चार प्रकारची काडतुसं आणून पाहिली. दुर्बीण काढली, पुन्हा बसवली. नळी बारीक म्हणून तापत असेल, असं ठरवून दोन गोळ्यांच्या मधे तो तिला ओला टॉवेल गुंडाळून बसला. शेवटी त्याने बनवणाऱ्यांना पत्र लिहायला घेतलं. त्यात 'चाळीस वर्षांच्या अनुभवावरून' हे शब्द दोनदा आले होते.

ते पत्र टपालात पडायच्या आधी शनिवार आला.

सकाळी सकाळी शहरातला एक दातांचा डॉक्टर आला होता. त्याचं पहिलंच वर्ष, बंदूक कोरी. त्याच्या गोळ्या कुठेही जात होत्या. वेंडेलने थोडा वेळ बघितलं आणि त्याची बंदूक मागून घेतली. पाठ वळवून काडतूस घातल्यासारखं केलं, पण घातलं नाही, आणि बंदूक परत दिली. डॉक्टरने नेम धरला, चाप ओढला. नुसता खट् आवाज झाला, आणि तरीही डॉक्टरचा खांदा पुढे झेपावला, नळीने खाली डुबकी मारली, डोळे गच्च मिटले. धक्का बसायच्या आधीच माणूस धक्क्याला घाबरतो, तो असा.

"बंदूक रिकामी होती, डॉक्टर," वेंडेल शिट्टीशी खेळत म्हणाला. "तुम्ही मात्र भरलेले होता."

हे वाक्य तो दर वर्षी निदान चार जणांना ऐकवायचा. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला आणि 'थँक्यू' म्हणाला.

दहाच्या सुमाराला ट्वायला आली. वेंडेलची जुनी बंदूक तिने टेबलावर ठेवली, खुर्ची सरकवली, कानात बोळे घातले, वर आवाज अडवणारी टोपणं चढवली आणि सावकाश तीन गोळ्या झाडल्या. वेंडेल कागद आणायला स्वतः गेला. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटली होती.

"छान दुर्बीण बसवलीस," तो म्हणाला. "कुठली घेतली?"

"कुठलीही नाही. तुझीच आहे."

"स्क्रू घट्ट केलेस मग."

"हातसुद्धा लावला नाही, वेंडेल. माझ्याकडे तो बारीक पाना नाहीये."

वेंडेलने ती तीन भोकं पुन्हा मोजली. पण बारा वर्षांचं केशरी जाकीट अंगावर होतं. तो म्हणाला, "बरं झालं आलीस. माझ्या या नव्या बंदुकीत काहीतरी खोट आहे. जरा झाडून बघतेस? मला नुसती दुसऱ्याची साक्ष हवी आहे, पत्रात लिहायला."

ट्वायलाने ती हातात घेऊन वरखाली केली. "अगंबाई, ही बंदूक आहे की उलथणं?" मग ती बसली. पहिली गोळी. दुसरी. खांद्याला चांगलीच लाथ बसत होती, ते सगळ्या रांगेला दिसलं. हलकी बंदूक लाथ जास्त मारते, हे वेंडेलच सगळ्यांना सांगायचा. तिसरी झाडली. कागदावर दोन भोकं शेजारीशेजारी होती आणि तिसरं दोन इंच वर.

"बघ, बघ!" वेंडेलचा जीव भांड्यात पडला.

"नळी तापली तुझी. थांब." तिने बंदूक उघडी ठेवली, पिशवीतून दालचिनीचा रोल काढून खाल्ला, बोटं पुसली. पंधरा मिनिटांनी एकच गोळी झाडली. ती पहिल्या दोघींच्या मधे गेली.

"बंदूक गुणाची आहे," ती म्हणाली. "पहिल्या दोन तुला देते, तिसरी देत नाही. डोंगरावर तिसरी लागते कशाला? आता तू झाड. मी भरून देते." तिने पाठ वळवली, बंदुकीचा खटका मागेपुढे केला आणि ती त्याच्या हातात दिली.

कुणाकडूनही बंदूक हातात घेतली की आधी उघडून बघायची, हा मैदानावरचा पहिला नियम. तो फळ्यावर वेंडेलच्याच अक्षरात लिहिलेला होता. वेंडेलने उघडून बघितली नाही. त्याला घाई होती. तो बसला, दस्ता खांद्याला लावला, दुर्बिणीतली काळी फुली कागदावर आणली आणि चाप ओढला.

खट्.

आणि वेंडेल ऑस्बी, वय एकसष्ट, अनुभव चाळीस वर्षं, वाळूच्या पिशवीवर असा आदळला की पिशवी टेबलावरून खाली पडली. नळी जमिनीकडे होती. डोळे मिटलेले होते, आणि खट् होऊन गेल्यावरही क्षणभर मिटलेलेच राहिले, कारण उघडल्यावर काय दिसणार हे त्याला कळलं होतं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळी रांग आपापल्या बंदुकीत काहीतरी शोधू लागली. फक्त दातांचा डॉक्टर बघत होता, आणि त्या भल्या माणसाने ते वाक्य उच्चारलं नाही. न उच्चारता तो इतक्या प्रेमाने बघत राहिला की वेंडेलला उठून बंदुकीच्या नळीत लपावंसं वाटलं.

"किती वर्षं झाली रे?" ट्वायलाने हळूच विचारलं.

"काय किती वर्षं?"

"मास्तर, डोळे मिटून झाडायला लागून."

वेंडेलने पिशवी उचलून जागेवर ठेवली. मग शिट्टी गळ्यातून काढून तिच्या हातात दिली आणि गाडीकडे गेला.

तो घरी गेला नाही. थेट एमिल स्कोगकडे गेला. एमिल सत्तरीचा, एकटा राहणारा. तीस हंगाम ते दोघे एकत्र डोंगर चढले होते. दर ऑगस्टात तो चोकचेरीच्या रानफळांची जेली करतो, आणि त्या वेळी त्याचं घर, दाढी आणि कुत्रं तिन्ही जांभळी असतात.

"दुर्बीण हलली नव्हती," वेंडेल दारातूनच म्हणाला.

"पाय पूस," एमिल म्हणाला.

वेंडेलने पाय पुसले. "एमिल, तो एल्क उभा होता ते मला आठवतं. पळत गेला तेही आठवतं. मधलं काहीच नाही. गोळी सुटली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते."

"ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक?"

"तुझ्या शेजारीच पालथा पडलो होतो ना, लेका. मी एल्ककडे बघत नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो. तीन वर्षं झाली बघतोय."

"मग बोलला का नाहीस?"

एमिलने पळी पातेल्यावर आडवी ठेवली. "बोललो असतो तर काय केलं असतंस?"

वेंडेलने प्रामाणिकपणे विचार केला. "नवी दुर्बीण घेतली असती."

"आणि न बोलता तू आख्खी बंदूक घेतलीस." एमिलने पातेल्याखालची आच कमी केली. "मीही काही मोठा साव नाही. नव्वद साली त्या हरणाच्या वेळी काडतूस ओलं होतं म्हणालो होतो, आठवतं? खडखडीत कोरडं होतं. मला थंडी वाजत होती आणि मी घाई केली. तीस वर्षं तू ते ऐकून मान डोलावलीस, म्हणून मीही तुझ्या दुर्बिणीला मान डोलावली. चुकलंच माझं. तेव्हाच तुझ्या कानाखाली आवाज काढला असता तर तो एल्क वाचला असता."

वेंडेलने पळी उचलून पातेलं ढवळलं.

"बकरा कड्यावर उभा असतो," एमिल म्हणाला. "एल्क निदान चालत तरी जातो. हा जखमी झाला की खाली दरीत जातो, आणि तिथे मी उतरणार नाही, तूही उतरू शकणार नाहीस. तेव्हा ऐक. हंगाम सुरू होतो त्या आठवड्याआधी, मंगळवार ते शनिवार, पाच सकाळी. रोज एकच गोळी, थंड नळीतून. टेबलावरून नाही, जमिनीवर, पाठपिशवीवर टेकून. दोनशे यार्ड, जेवायची साधी कागदी ताटली. पाचही दिवस ताटली तीच, बदलायची नाही. पाच आत आल्या तर सोमवारी निघू. एक जरी बाहेर गेली तर सोमवारी मी जेली विकायला बसेन."

"सव्वीस वर्षं वाट पाहिलीय मी, एमिल."

"बकऱ्याला कुठे माहीत आहे ते?"

मग वेंडेलच्या घरात अडीच आठवडे जे चाललं त्याबद्दल तो अजूनही फारसं बोलत नाही. रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर तो बैठकीच्या खोलीत रिकामी बंदूक घेऊन पालथा पडायचा. आर्डिस नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायची आणि खुर्चीत विणत बसायची. समोरच्या कपाटाच्या मुठीवर नेम धरून त्याने चाप ओढायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. ही युक्ती ट्वायलाने सांगितली होती. वेंडेल स्वतः बारा वर्षं हीच युक्ती इतरांना सांगत होता, फक्त कधी करून बघितली नव्हती.

"पडलं," आर्डिस म्हणायची. दोन टाके. "पडलं." पुन्हा दोन टाके. "पडलं, आणि सोफ्याखाली गेलं."

पहिल्या दिवशी वीसपैकी एकोणीस वेळा पडलं. विसाव्या वेळी राहिलं, कारण तो सुरक्षेचा खटका काढायलाच विसरला होता. दहाव्या दिवशी वीसपैकी चार वेळा पडलं. तेराव्या दिवशी आर्डिसने मान वर केली आणि विचारलं, "झाडतोयस ना? काही ऐकू येत नाहीये."

ट्वायलाने आणखी एक गोष्ट करायला लावली होती. "गोळी झाडली की उठायच्या आधी कागदावर लिही, कुठे गेली असं वाटतं. मग जाऊन बघ. डोळे उघडे असतील तर फुली शेवटी कुठे होती ते दिसलेलं असतं. नसतील तर तू नुसती इच्छा लिहिशील."

मंगळवारी सकाळी गवतावर दव गोठलं होतं. मैदानावर तो एकटाच होता. त्याने कानात बोळे घातले, वर टोपणं चढवली, पिशवीवर बंदूक टेकवली, एक गोळी झाडली आणि कागदावर लिहिलं, 'मधोमध'. गोळी ताटलीच्या वरच्या काठाला होती, आत. बुधवारी पुन्हा लिहिलं, 'मधोमध'. गोळी डावीकडे, आत. गुरुवारी 'बहुतेक मधोमध'. गोळी खाली, आत. शुक्रवारी त्याने बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'वर असावी'. गोळी उजवीकडे निघाली, पण आत.

चार झाल्या. त्या संध्याकाळी तो कपाटाच्या वरची भिंत बघत होता. तिथे बकऱ्याचा फोटो लावायचा की शिंगं, हे त्याचं ठरत नव्हतं. आर्डिसने दोनदा हाक मारली तेव्हा त्याने एकदा ओ दिली.

शनिवारी आभाळ खाली आलं होतं, वारा नव्हता. वेंडेल पालथा पडला. फुली ताटलीवर आली, शांत बसली. त्याने अर्धा श्वास सोडला, बोट आवळायला लागला, आणि तेवढ्यात त्याच्या मनात आलं, पाच! पाचपैकी पाच. गावात सांगायला काय मजा येईल. बोटाने तो विचार ऐकला आणि शेवटचा तो जरासा भाग घाईने ओढला. फुली उजवीकडे खाली घसरली, ताटलीच्या काठावरून उतरली, मागच्या पुठ्ठ्यावर आली, आणि तिथे गोळी सुटली. हे सगळं त्याला दिसलं. लाथ बसली, नळी उडाली, आवाज डोंगरावर आपटून परत आला, आणि त्याचे डोळे उघडे होते.

त्याने पडल्यापडल्याच पेन्सिल उचलली. मग त्याने लिहिलं, 'खाली उजवीकडे. बाहेर. दीड बोट.'

दोनशे यार्ड चालत जाताना, गंमत म्हणजे, त्याला भीती वाटत होती ती गोळी आत निघेल याची. ती बाहेर होती. ताटलीच्या काठापासून पुठ्ठ्यावर त्याने बोट ठेवलं, मग अर्धं बोट. बरोबर तिथे.

आता हेही सांगितलं पाहिजे की वेंडेलच्या गाडीत मागच्या सीटवर कागदी ताटल्यांचा आख्खा गठ्ठा होता, चर्चच्या जेवणासाठी आणलेला. मैदानावर चिटपाखरूही नव्हतं. नवी ताटली, पाच गोळ्या, अर्धा तास. त्याने गठ्ठ्याकडे पाहिलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. पाहिलं, चांगलं मिनिटभर पाहिलं. त्याच्या आत बसलेला केशरी जाकीटवाला माणूस म्हणत होता की थंडीमुळे पुठ्ठा वाकला असणार. पण मग ती दीड बोटावरची गोळी, आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतः जाताना पाहिलेली, तीही चुलीत गेली असती. ती त्याला द्यायची नव्हती. त्याने ताटली पुठ्ठ्यासकट काढली आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवली.

एमिलने पुठ्ठा टेबलावर घेतला, चष्मा चढवला, चार भोकं मोजली, मग पाचवं बघितलं. त्याचा चेहरा पडला. या डोंगरासाठी त्यानेही नवे बूट घेतले होते.

"मागे बघ," वेंडेल म्हणाला.

पुठ्ठ्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या पाच ओळी होत्या. एमिलने त्या वाचल्या, पुढे बघितलं, पुन्हा मागे वाचल्या. पाचव्या ओळीनंतर त्याने आपलं जांभळं बोट काठापासून भोकापर्यंत लावून पाहिलं.

"हे जायच्या आधी लिहिलंस?"

"आधी."

"दीड बोट?"

"दिसली मला, एमिल. जाताना दिसली."

एमिलने चष्मा काढला. "चार आत, आणि त्यातली एकही कुठे गेली ते तुला माहीत नव्हतं. नालायका, त्या चारांवर मी तुझ्याबरोबर कड्यावर चढणार होतो!" तो हसायला लागला, आणि हसताहसता त्याने डोळे पुसले. "पण ठरलं ते ठरलं. सोमवारी जायचं नाही."

"नाही जायचं," वेंडेल म्हणाला. हे म्हणताना त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. सव्वीस वर्षांत त्याने तो सोमवार अनेकदा मनात जगून घेतला होता.

"हंगाम नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत आहे. उद्यापासून पुन्हा एकपासून मोज. या वेळी नुसती आत येऊन चालणार नाही, लिहिलेलीही जुळली पाहिजे."

"तोवर वर बर्फ पडेल."

"मग बर्फात चढू. पांढरा बकरा पांढऱ्यात शोधू, त्यात काय. परवाना संपला तर संपला."

घरी आर्डिसने बटाटे उकडत ठेवले होते. वेंडेल टोपी न काढताच खुर्चीवर बसला.

"किती?" तिने पाठमोरीच विचारलं.

"चार. पाचवी हुकली. सोमवारी जात नाहीये."

ती वळली. त्याची समजूत घालायची तिने तयारी केली होती; त्यासाठी सफरचंदाचा पायसुद्धा केला होता. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती थबकली. "मग असा पाचही लागल्यासारखा का बसला आहेस?"

"हुकली ती मला दिसली, आर्डिस. कुणी दाखवायच्या आधी. मी चुकलो आणि ते मला स्वतःला दिसलं."

आर्डिसने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"छत्तीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "असं पहिल्यांदाच झालं."